उद्याचा गोळा

घरजावई म्हटला की टोपणनाव चिकटायचंच. याला चिकटलं ते ‘भोवरा’, आणि चिकटवलं ते खुद्द सासऱ्यांनी. लग्नानंतरचा पहिलाच आठवडा. पाव भट्टीत सरकवल्यावर ते भाजून होईपर्यंत गप्प बसायचं, एवढंच काम त्याला दिलेलं. तेवढ्या वेळात या पठ्ठ्याने फरशी झाडली, पावाचे पत्रे पुसले, मागच्या दाराच्या बिजागरीला तेल दिलं आणि मध्येमध्ये भट्टीचं झाकण उघडून आतही डोकावून आला.

"अरे भोवऱ्या," तात्या म्हणाले, "हळू रे! कुठे आग लागलीय?"

धगधगत्या भट्टीसमोर उभं राहून हे विचारणं म्हणजे विनोदच होता, पण तात्यांना तो विनोद वाटला नाही. माणूस तसाच होता. बोलणं मोजकं, चालणं संथ, आणि हात कणकेत गेले की जगबुडी आली तरी बाहेर यायचे नाहीत. खाली बेकरी, वर घर, मध्ये एक अरुंद जिना; यापलीकडे तात्यांना जगाची फारशी गरज पडली नाही. जावयाला त्यांनी सगळं शिकवलं. भट्टी पेटवणं, पाव लावणं, गिऱ्हाईक सांभाळणं. फक्त मळायला दिलं नाही. "तुझ्या हाताला धीर नाही," एवढंच म्हणत. भोवऱ्याला ते कुसळासारखं टोचायचं, पण सासऱ्याशी वाद कोण घालणार?

त्या दिवशी उजाडता उजाडता तात्यांनी नेहमीसारखी कणीक मळली. लाकडी काथवटीवर ओलं फडकं टाकलं. भोवरा भट्टीत सरपण रचत होता. "कणकेकडे बघ रे," तात्या म्हणाले, "मी जरा टेकतो." पिठाच्या पोत्यावर टेकले ते टेकलेच. भोवऱ्याने काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही, आणि तात्यांचं उत्तर न येण्यात नवीन काहीच नसल्यामुळे तो आणखी थोडा वेळ एकटाच बडबडत राहिला. हे पुढे त्याला दिवसभर खात होतं.

डॉक्टर येऊन गेले, शेजारी जमले, तात्यांना वर नेलं, आणि पाठोपाठ आत्याबाई आल्या. आत्याबाई म्हणजे तात्यांची थोरली बहीण. हातात काठी, तोंडात रीत. आल्या आल्या त्यांनी आरसा भिंतीकडे फिरवायला लावला, पंखा बंद करवला, आणि जिन्याच्या तोंडाशी उभं राहून जाहीर केलं, "माणूस उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत या घरात विस्तव पेटणार नाही. वर नाही आणि खालीही नाही. आणि घरातल्या कोणीही पिठाला हात लावायचा नाही." यातल्या किती रीती पूर्वापार होत्या आणि किती आत्याबाईंनी येताना रस्त्यात ठरवल्या होत्या, हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

भोवऱ्याने जिन्याखाली वाकून बघितलं ते तिथे. कारण खाली काथवटीत कणीक होती, आणि उद्याचा गोळा अजून काढलेला नव्हता.

हा गोळा म्हणजे काय, ते सांगायला हवं. तात्यांना बाजारचं यीस्ट चालत नसे. "विकतचा जोर," म्हणायचे. कणीक फुगून आली की पाव वळण्याआधी तिच्यातून मुठीएवढा गोळा काढून ते वाडग्यात झाकून ठेवत. दुसऱ्या दिवशीची कणीक त्या गोळ्यावर फुगायची, मग तिच्यातून पुन्हा गोळा. कणकेतून गोळा, गोळ्यातून कणीक, असं तात्यांच्या आईपासून चालत आलेलं. एकही दिवस खंड नाही. रस्त्यावरच्या लोकांना जी चव तोंडपाठ होती ती पिठाची नव्हती, त्या गोळ्याची होती. आणि आज तो गोळा काथवटीतल्या ढिगात मिसळलेला, तात्या वर, आणि कणीक आपली फुगतेय. ती फुगून आंबून खाली बसली, तर टाकून द्यायची एवढीच तिची लायकी उरणार. म्हणजे तात्यांच्या हातचं शेवटचं काम, त्यांच्याच अंत्ययात्रेच्या दिवशी, मागच्या गटारात.

बरं, तात्यांना उचलायची घाई करावी तर थोरली लेक यायची होती. ती लांब राहायची, निरोप मिळताच निघाली होती, आणि तिने बापाचं तोंड बघितल्याशिवाय कोणी कोणाला हलवणार नव्हतं.

वरच्या खोलीत माणसं भिंतीला टेकून बसली होती. मधोमध तात्या. आत्याबाईंनी देखरेख करून त्यांना आंघोळ घातली होती, नखं साफ केली होती, केस चापून बसवले होते, पांढरीशुभ्र चादर गळ्यापर्यंत ओढली होती. भोवरा बघायचा आणि नजर काढून घ्यायचा. काहीतरी चुकत होतं. हा कोणीतरी पेन्शनर वाटत होता, बँकेच्या रांगेत दिसतो तसा. तात्या असे कधी दिसलेच नव्हते.

सासूबाई उशाशी बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. तेही एक वेळ ठीक. पण त्या तात्यांकडे बघतच नव्हत्या. त्या जिन्याकडे बघत होत्या. दिवसाउजेडी नवरा खाली असतो आणि हाक मारली तरी वर येत नाही, अशी चाळीसेक वर्षांची सवय. ती एका सकाळीत कशी मोडणार?

"आई, पाणी घे," धाकटी म्हणाली. धाकटी म्हणजे भोवऱ्याची बायको.

"ह्यांना दिलं का खाली?" सासूबाईंनी विचारलं.

आत्याबाई पुटपुटल्या, "हिला रडवा कोणीतरी. नाही रडली तर हिचंही काही खरं नाही." पण रडवायचं कसं, ते त्यांच्याही रीतीत बसत नव्हतं.

भोवरा उठला, बसला, खिडकीशी गेला, परत आला. अंगात लग्नातला काळा कोट होता. आत्याबाईंनी हुकूम सोडून ट्रंकेतून काढायला लावलेला. कोट तेव्हाही घट्ट होता, आता तर त्याची बटणं नुसती शोभेची उरली होती. शेवटी न राहवून तो जिन्याकडे सरकला.

"जावईबापू, कुठे निघालात?" आत्याबाई रागावल्या की त्याला अहोजाहो करीत.

"खालचं दार... लोटलंय का बघून येतो."

"मी लोटलंय."

"मग पाणी..."

"पाणी वर भरून ठेवलंय."

भोवऱ्याला खोटं बोलताही येत नसे. त्यालाही धीर लागतो. तो जिन्यातच घडाघडा बोलून मोकळा झाला. "आत्याबाई, कणीक वर आलीय. तात्यांनी मळलेली. उद्याचा गोळासुद्धा काढलेला नाही. अशीच राहिली तर गेली ती!"

"माझा भाऊ आत थंड पडलाय आणि तुम्हाला कणकेचं पडलंय?"

"त्यांनीच सांगितलं मला. कणकेकडे बघ म्हणाले. शेवटचं तेवढंच बोलले."

आत्याबाईंनी काठी कठड्याला टेकवली. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "आमचे वडील गेले ना, त्या दिवशी भट्टी चालू होती. बाप वर, आणि खाली गिऱ्हाईकं पाव मागतायत. मी द्यायला उभी होते. हसून द्यायचे बघ, सवयीने. तेव्हाच ठरवलं, या घरातलं माणूस जाईल त्या दिवशी पीठसुद्धा थांबेल. एक दिवस. एवढंही नाही का थांबायचं कोणी कोणासाठी?"

भोवऱ्याला शरमल्यासारखं झालं. पण शरमेने कणीक थोडीच थांबते? "पीठ थांबत नाही हो," तो म्हणाला, पण स्वतःशीच.

माणसं वाढली तशी बसायला जागा उरली नाही, आणि आत्याबाईंनीच आपल्या तोंडाने सांगितलं, "खालचं बाकडं आण रे कोणीतरी." कोणीतरी म्हणजे घरजावई, हे त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं. तो खाली धावला. फडकं काथवटीच्या कडेवर तंबूसारखं उचललं गेलं होतं. त्याने ते काढलं. कणीक टम्म, गुळगुळीत, वर बारीक बुडबुडे. तिला बुक्की मारून खाली बसवली तर पुन्हा फुगेपर्यंत थोडी सवड मिळणार होती. भोवऱ्याने बाह्या सरकवल्या आणि तसाच उभा राहिला.

तात्यांचे हात तिच्यातून निघाल्यापासून तिला कोणी शिवलं नव्हतं. आता याने बुक्की मारली की त्यांनी दिलेला आकार गेला. त्याने मुठी मागे घेतल्या. पण वरून काठीचा आवाज आला आणि त्याने दोन्ही मुठी आत घातल्या. कणकेने लांब उसासा टाकला. त्याने फडकं झाकलं, हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, आणि बाकडं डोक्यावर घेऊन वर आला.

"एवढा वेळ?" आत्याबाई.

"बाकडं जड आहे."

मग पुन्हा बसणं. ऊन वाढलं, खोली तापली, आणि खालची खोलीही तापली. जिन्यातून वास येऊ लागला. आंबूस, गोडसर, ओल्या पिठाचा. पहिल्यांदा तो शेजारच्या शिंप्याला आला. शिंपी सकाळपासून उपाशी होता. त्याचं पोट एवढ्या मोठ्याने बोललं की त्याने घाईघाईने खोकून घेतलं. मग एकेक करून सगळ्यांची नाकं हलली. सासूबाईंनी मात्र मान उचलली, खोल श्वास घेतला, आणि पुन्हा जिन्याकडे बघत बसल्या.

थोरलीचा फोन आला: बस बंद पडलीय, दुसरी मिळेल तशी येते. भोवऱ्याने कपाळावर हात मारला. बायकोने त्याचा कोट ओढून त्याला खाली बसवलं. "अहो, माझे बाबा गेलेत," ती हळूच म्हणाली, "एक क्षण तरी बसा माझ्याजवळ." तो बसला. तिचा हात हातात घेतला. आणि त्याचा गुडघा हलतच राहिला. असा माणूस आहोत आपण, त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःचाच संताप आला. ज्याने पोटच्या पोरासारखं वागवलं तो समोर पडलाय, आणि डोळ्यात पाणी यायच्या ऐवजी डोक्यात बुडबुडे येतायत.

दुपार कलली तेव्हा त्याला रस्त्यावर नजर ठेवायला पाठवलं. थोरली उतरली की तिला आधार देऊन वर आणायचं. तो दुकानाच्या दारात उभा राहिला. थोडा वेळ खरोखर रस्त्याकडे बघितलं. मग आत गेला.

कणीक पुन्हा वर आली होती, पण आता तिच्यात पहिला ताठा नव्हता. मध्ये जरा खचली होती. वास नाकात चढत होता. अजून थोड्याच वेळात संपणार, हे कळायला मळता यायची गरज नव्हती. बाकीची जाऊ दे, गोळा तरी. त्याने मुठीएवढी कणीक तोडली, कोरड्या पिठात घोळवली, पुन्हा घोळवली, आणि वाडगा शोधायला वळला तोच बाहेर गाडी थांबली.

"बाबा!" थोरली हाका मारतच दुकानात शिरली. सवयच ती, माहेरी आली की आधी खाली बापाला भेटायचं, मग वर. ती पोत्याकडे बघत उभी राहिली. पोत्यावर कोणीच नव्हतं. भोवऱ्याने गोळा कोटाच्या खिशात कोंबला, दुसऱ्या हाताने तिला धरलं आणि जिन्याने वर नेलं.

पुढे सगळं भराभर झालं. थोरली बापाजवळ बसली आणि रडता रडता थांबली. "आत्या," ती म्हणाली, "हे असे का दिसतायत? हे... बाबांसारखे नाहीत दिसत."

"स्वच्छ केलंय त्यांना," आत्याबाई म्हणाल्या. "माझा भाऊ जाताना तरी स्वच्छ जाऊ दे."

मग आत्याबाईंनी शेवटची रीत सांगितली. निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाने कपाळावर उजवा हात ठेवायचा आणि चुकलं-माकलं ते मनात बोलून घ्यायचं. आधी लेकी, मग जावई, सगळ्यात शेवटी बायको. थोरलीने हात ठेवला. धाकटीने ठेवला आणि ती हुंदक्यांनी गदगदली. भोवरा उजवा हात खिशात घालून उभा होता. खिसा उबदार होता, ओला होत चालला होता, आणि फुगत होता.

"हात काढा, जावईबापू."

त्याने हात काढला. मनगटापर्यंत पांढरा. कोटावर पुसावा तर कोट काळा. लपवावा तर सगळ्यांची नजर त्यावर. आत्याबाईंचे डोळे विस्फारले. आता माघार नव्हती. भोवरा वाकला आणि हात कपाळावर ठेवला. चुकलं-माकलं काय बोलायचं ते त्याला आठवेना. ‘तात्या, बघतोय मी तिच्याकडे,’ एवढंच मनात आलं.

हात उचलला तर कपाळावर पांढरा पंजा उमटला होता. थोडं पीठ भुवयांत अडकलं, थोडं पापण्यांवर सांडलं.

कोणीतरी च्‌ च्‌ केलं. आत्याबाई रुमाल काढून पुढे झाल्या, आणि त्यांचं मनगट सासूबाईंनी धरलं.

"राहू द्या, वन्सं."

सकाळपासून पहिल्यांदाच त्या तात्यांकडे बघत होत्या. वाकून, अगदी जवळून, भुवयांतल्या पिठाकडे. त्यांनी बोटाने ते पुसलं नाही, नुसता स्पर्श केला.

"आत्ता आले हे वर," त्या म्हणाल्या.

आणि मग त्या अशा रडल्या की खालच्या रस्त्यावरची माणसं थांबली. थोरली, धाकटी दोघी त्यांना बिलगल्या. त्या पांढऱ्या कपाळाखाली तात्याच होते, कोणाला आता शंका नव्हती. शिंपीसुद्धा बाहीने डोळे पुसत होता.

आत्याबाईंनी रुमालाची घडी केली, पुन्हा मोडली, पुन्हा केली. "खिशात काय आहे?" त्यांनी भोवऱ्याला विचारलं.

"उद्याचा गोळा."

"म्हणजे पिठाला हात लावलास."

"लावला."

त्यांनी रुमाल कमरेला खोचला. ‘जावईबापू’ गेलं होतं हे त्याच्या लक्षात आलं. "खिशातच ठेव," त्या शेवटी म्हणाल्या. "उबेत राहील." मग वळून म्हणाल्या, "धाकटे, तू आईजवळ थांब. माझा भाऊ उंबऱ्याबाहेर पडला की भट्टी पेटव. एक क्षणही आधी नाही, आणि एक क्षणही उशीर नको."

भोवऱ्याने पुढचा खांदा दिला. खांदा दिला की धावता येत नाही, हा त्याला मिळालेला पहिलाच धडा. चौघांनी एका चालीने चालायचं, नाहीतर मधल्याला हिसके बसतात. दोनदा त्याचा पाय पुढे गेला आणि दोनदा मागून शिंपी म्हणाला, "हळू." त्यानंतर म्हणावं लागलं नाही. खिशातला गोळा पावलागणिक मांडीला लागत होता. स्मशानातही तो अधूनमधून खिशावर हात ठेवत होता. लोकांना वाटलं, याच्या पोटात दुखतंय. सगळे रडले, तो रडला नाही. त्याला वाटलं, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

परतताना रस्त्याच्या कोपऱ्यावरच भाजल्या पावाचा वास आला. धाकटीने एकटीने भट्टी लावली होती. पाव चपटे झाले होते, काही करपलेही होते. खांदेकरी दुकानाच्या पायरीवर बसूनच खायला लागले. शिंप्याने किती खाल्ले ते त्यालाच माहीत. आत्याबाईंनी तुकडा मोडला, चावला. "आंबट झालाय," म्हणाल्या, आणि दुसरा घेतला.

संध्याकाळी सासूबाई खाली आल्या. त्या येतील असं कोणाला वाटलं नव्हतं. जिना उतरून त्या सरळ पिठाच्या पोत्यापाशी गेल्या आणि त्यावर टेकल्या. कोणी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "काढा तो गोळा."

गोळा निघेना. फुगून तो खिशाच्या अस्तराला असा चिकटला होता की दोघांचा संसार एकच झाला होता. शेवटी धाकटीने कात्री आणली आणि लग्नाच्या कोटाचा अख्खा खिसा कापून काढला. अस्तर सोलून उरलेला गोळा पार लिबलिबीत होता, पण बोट लावलं की हलायचा. जिवंत होता.

"धाकटी मळेल," भोवरा म्हणाला. "माझ्या हाताला धीर नाही. तात्या म्हणायचे."

सासूबाईंनी पायाने काथवट त्याच्याकडे ढकलली.

त्याने पीठ ओतलं, गोळा घातला, पाणी घातलं, आणि हात घातले. नेहमीचीच घाई. पाणी काथवटीबाहेर उडालं, पीठ एका बाजूला कोरडंच राहिलं, बोटं एकमेकांत अडकली. तो आणखी जोराने मळू लागला.

"हळू रे, भोवऱ्या," पोत्यावरून आवाज आला. "कुठे आग लागलीय?"

लग्नापासून सासूबाईंनी त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्या नावाने तर कधीच हाक मारली नव्हती. भोवऱ्याचे हात थांबले. मग सकाळपासून न आलेलं रडू आलं, एकदम, पोटातून, लहान मुलासारखं. तोंड लपवायला हात मोकळे नव्हते. दोन्ही कणकेत होते. त्याने ते काढले नाहीत. रडत रडत, हळूहळू, मळत राहिला.